मूळपथ : अस्थिर विमानाला सावरणारी रेखा

४ जानेवारी २००१ रोजी बंगळुरूच्या एचएएल विमानतळावरून एक लहानसे, त्रिकोणी पंखांचे लढाऊ विमान प्रथमच आकाशात झेपावले. विंग कमांडर राजीव कोठियाल ते चालवीत होते. सुमारे अठरा मिनिटांनी ते सुखरूप खाली उतरले. पुढे २००३ साली ज्याला 'तेजस' हे नाव मिळाले ते हे विमान. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याची एक गोष्ट सामान्य वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. ती ही की, हे विमान स्वभावतः अस्थिर आहे. त्यावरील संगणकांनी क्षणभर डोळे मिटले, तर कितीही निष्णात वैमानिकाला ते हाती ठेवता येणार नाही.

हा रचनेतील दोष नव्हे. ती मुद्दाम केलेली निवड आहे. बाणाच्या टोकाशी वजन असते आणि मागे पिसे असतात. त्यामुळे वाऱ्याने बाण किंचित वळला तरी पिसांवरील दाब त्याला पुन्हा सरळ करतो. जुनी विमाने याच न्यायाने बांधली जात. त्यांचा गुरुत्वमध्य पुढे असे आणि उत्थापक प्रेरणेतील वाढ त्याच्या मागे लागू होई. अशी विमाने सरळ उडत राहतात खरी, पण वळण्यासही तितकीच नाखूश असतात. लढाऊ विमानाला चपळाई हवी असते. म्हणून गुरुत्वमध्य मागे सरकवला जातो. मग विमानाचे नाक किंचित वर गेले की ते आणखी वर जाऊ पाहते. उलट धरलेल्या बाणासारखी त्याची अवस्था होते.

अशा विमानाला सावरावयाचे कसे? शाळेच्या मैदानावर तळहातावर उभी काठी तोलणारा मुलगा जे करतो तेच येथे करावे लागते. काठी पुढे झुकली की तो हात पुढे नेतो, मागे झुकली की मागे. काठीचा कल डोळ्यांना दिसतो, डोळ्यांकडून मेंदूला कळतो, मेंदू हाताला हलवतो, आणि हात हलल्याने काठीचा कल पुन्हा बदलतो. परिणामाची वार्ता अशी फिरून कारणापर्यंत पोहोचते, म्हणून या रचनेला फीडबॅक म्हणतात. मराठीत त्यासाठी प्रत्याभरण हा शब्द वापरला जातो. विमानात डोळ्यांचे काम घूर्णी आणि वायुदाबमापके करतात, मेंदूचे काम संगणक करतो, आणि हाताचे काम पंखांच्या मागील कडेला बसवलेल्या झडपा हलविणारी द्रवचालित यंत्रणा करते. तेजसमध्ये हे संगणकीय मार्ग एक नव्हे तर चार ठेवले आहेत. एखादा बिघडला तर उरलेल्यांनी त्याला बहुमताने बाजूला सारावे, ही त्यामागील योजना.

आता खरा प्रश्न येतो. काठी एक अंश झुकली तर हात किती हलवावा? थोडा हलवला तर काठी पडते. फार हलवला तर ती दुसऱ्या बाजूला झुकते, मग हात उलट दिशेने अधिकच धावतो, आणि तीन-चार हेलकाव्यांत खेळ आटोपतो. चुकीच्या मानाने दुरुस्ती किती पटीने करावयाची, त्या पटीला अभियंते गेन म्हणतात. आपण तिला वर्धनांक म्हणू. योग्य वर्धनांक कोणता, आणि मुळात असा एखादा वर्धनांक अस्तित्वात आहे की नाही, हे यंत्र बांधण्यापूर्वी कागदावर कळावे, यासाठी जी साधने निर्माण झाली त्यांतील सर्वांत डोळस साधन म्हणजे मूळपथ.

येथील 'मूळ' म्हणजे समीकरणाचे मूळ. कोणत्याही यंत्राला किंचित धक्का दिला असता तो धक्का कालांतराने कसा वाढतो वा शमतो, हे एका बैजिक समीकरणाच्या मुळांवर अवलंबून असते. मूळ ऋण संख्या असेल तर धक्का विझत जातो, धन असेल तर वाढत जातो. मूळ +१ असेल आणि काळ सेकंदांत मोजला, तर दर ०.७ सेकंदाला चूक दुप्पट होते. तीन सेकंदांत ती सुमारे वीस पट झालेली असते. कधी कधी मुळे सदसत् संख्या असतात. त्यांना एक सत् भाग असतो आणि एक असत् भाग, म्हणजे उणे एकच्या वर्गमुळाच्या पटीत येणारा भाग. अशा वेळी यंत्र हेलकावे खाते. असत् भाग हेलकाव्यांचा वेग सांगतो, तर सत् भाग ते विझणार की भडकणार हे सांगतो. ही मुळे आलेखाच्या कागदावर बिंदूंनी दाखवली, तर स्थैर्याचा सारा प्रश्न एका वाक्यात मावतो : सर्व बिंदू उभ्या अक्षाच्या डावीकडे आहेत काय? एक जरी उजवीकडे असला तरी यंत्र अस्थिर.

ही कल्पना विमानांहून जुनी आहे. वाफेच्या इंजिनाची गती कायम ठेवण्यासाठी बसवलेले गव्हर्नर कधी कधी स्वतःच हेलकावे खाऊ लागत. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली गव्हर्नरांवर लिहिलेल्या निबंधात या दोषाचा संबंध समीकरणाच्या मुळांशी जोडला. मात्र घन किंवा त्याहून वरच्या घाताची समीकरणे सोडविणे त्या काळी अतिशय कष्टाचे होते. एडवर्ड राउथ याने १८७७ साली मुळे न शोधताच, केवळ सहगुणकांवरून, उजवीकडे एखादे मूळ आहे की नाही हे ठरविण्याची रीत दिली. पण राउथची रीत न्यायाधीशासारखी आहे. ती 'स्थिर' किंवा 'अस्थिर' एवढाच निकाल देते. यंत्र कितपत स्थिर आहे, आणि वर्धनांक थोडा बदलला तर काय होईल, हे त्या निकालात उमटत नाही.

ती उणीव वॉल्टर एव्हान्स या अमेरिकन अभियंत्याने भरून काढली. त्याने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीतील कल्पना ऐकावयास फारच साधी आहे. वर्धनांक शून्यापासून हळूहळू वाढवीत न्यावा आणि मुळे कागदावर कोणत्या वाटेने सरकतात ते पाहावे. त्या वाटा म्हणजेच मूळपथ. खरी प्रतिभा पुढे आहे. या वाटा काढण्यासाठी समीकरण सोडवावे लागतच नाही. कोनमापक पुरे होतो.

हे एका उदाहरणाने पाहू. पुढील आकडे तेजसचे नव्हेत. हिशेब तोंडी करता यावा अशा बेताने ते घेतले आहेत. समजा, एका अस्थिर विमानाची प्रत्याभरणाविना असलेली दोन मुळे +१ आणि −३ आहेत. वर्धनांकाला 'व' म्हटले, तर प्रत्याभरण जोडल्यावरचे समीकरण असे होते :

क्ष² + २क्ष − ३ + व = ०

व शून्य असताना मुळे अर्थातच +१ आणि −३ येतात. व वाढू लागला की उजवीकडील मूळ डावीकडे आणि डावीकडील मूळ उजवीकडे, अशी दोन्ही एकमेकांकडे चालू लागतात. व = ३ झाला की पहिले मूळ शून्यावर, म्हणजे उंबरठ्यावर येते. व = ४ झाला की दोन्ही मुळे −१ या बिंदूवर भेटतात, आणि त्यानंतर एक सरळ वर व दुसरे सरळ खाली निघून जाते. ही उभी वाट −१ वरच का? एव्हान्सचा नियम असा : सुरुवातीच्या प्रत्येक बिंदूपासून एखाद्या जागेपर्यंत रेषा काढावी, प्रत्येक रेषेने आडव्या अक्षाच्या उजव्या दिशेशी केलेला कोन मोजावा, आणि कोनांची बेरीज १८० अंश आली तर ती जागा मूळपथावर आहे असे समजावे. −१ हा बिंदू +१ आणि −३ यांच्या बरोबर मध्यावर आहे. त्याच्यावरील उभ्या रेषेवर कोणताही बिंदू घेतला की समद्विभुज त्रिकोण तयार होतो. −३ पाशी त्याचा पायाचा कोन जेवढा, तेवढाच +१ पाशी आतील बाजूस. आणि +१ पाशी बाहेरून मोजलेला कोन म्हणजे १८० अंशांतून तो वजा केल्यावर उरणारा. बेरीज आपोआप १८० येते. माध्यमिक शाळेतील भूमितीने एका विमानाचे भवितव्य सांगावे, यात मौज आहे खरी. सुरुवातीचे बिंदू जास्त असले की हे कोन पुनःपुन्हा मोजावे लागतात. ते झटपट मोजता व मिळवता यावेत म्हणून एव्हान्सने स्पिरूल नावाचे पारदर्शक प्लॅस्टिकचे एक उपकरणही तयार केले होते. संगणक टेबलावर येईपर्यंत कित्येक अभियंत्यांच्या खणात ते असे.

वरील हिशेबावरून वाटेल की, वर्धनांक तीनपेक्षा मोठा घेतला की काम झाले, आणि तो जितका मोठा तितका बरा. असे असते तर विमान सावरणे ही किरकोळ गोष्ट ठरली असती. या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली होती; ती ही की, संगणकाने आज्ञा देताच झडप तत्क्षणी हलते. प्रत्यक्षात झडपेला हलवणाऱ्या यंत्रणेला वेळ लागतो. हा विलंब हिशेबात घेण्यासाठी आणखी एक ऋण मूळ जोडावे लागते. यंत्रणा चपळ असेल तर ते खूप डावीकडे, समजा −२० वर असते. सुस्त असेल तर शून्याच्या जवळ येते.

या एका बिंदूने चित्र पार बदलते. आता वाटा तीन होतात. खूप दूरच्या बिंदूवरून पाहिले तर सुरुवातीचे तिन्ही बिंदू जवळपास एकाच ठिकाणी असल्यासारखे दिसतात. मग तिन्ही कोन सारखे, आणि त्यांची बेरीज १८०; म्हणजे प्रत्येकी ६० अंश. याचा अर्थ, वर आणि खाली गेलेल्या वाटा सरळ न जाता उजवीकडे कलतात आणि केव्हा ना केव्हा उभा अक्ष ओलांडून अस्थैर्याच्या प्रदेशात शिरतात. यंत्रणेचे मूळ −२० वर असताना राउथच्या रीतीने हिशेब केला, तर वर्धनांक ३ आणि ४३.७ यांच्या मध्ये असावा लागतो असे निघते. तीनच्या खाली विमान कलंडते. ४३.७ च्या वर ते हेलकावे खाऊ लागते, आणि ते हेलकावे सेकंदाला जवळपास एक या वेगाने वाढत जातात.

आता यंत्रणा सुस्त करून पाहू. तिचे मूळ −५ वर आणले तर वरची मर्यादा ४३.७ वरून एकदम १२.८ वर घसरते. −२ वर आणले तर ती अवघी ५ उरते. म्हणजे सारे काही ३ आणि ५ यांच्या फटीत बसवावे लागते. आणि −१.५ वर आणले की फटच मिटते. मग कोणत्याही वर्धनांकाने ते विमान स्थिर होत नाही. खालची मर्यादा मात्र या साऱ्यांत तीनच राहते, कारण ती विमानाच्या स्वभावातून आलेली आहे. वरची मर्यादा विलंबातून येते. स्थिर यंत्राच्या बाबतीत प्रत्याभरण अजिबात काढून टाकले तरी निदान काही बिघडत नाही. अस्थिर यंत्राला तो आसरा नसतो. त्याला जमीनही आहे आणि छतही, आणि विलंब वाढला की छत खाली येते.

फटीत कोठेतरी उभे राहिले की भागले, असेही नाही. पवनसुरंगातील प्रयोगांवरून काढलेले विमानाचे आकडे थोडेफार चुकीचे असतात, इंधन संपत जाते तसा गुरुत्वमध्य हलतो, पंखांखाली शस्त्रे टांगली की स्वभाव बदलतो. म्हणून वर्धनांक ठरविल्यापेक्षा दुप्पट झाला किंवा निम्मा झाला तरी विमान स्थिर राहावे, असा उड्डाण-नियंत्रणातील एक रूढ संकेत आहे. वरील उदाहरणात ३ ते १२.८ या फटीत वर्धनांक ६.२ ठेवला तर ही अट जेमतेम पाळली जाते. ३ ते ५ या फटीत ती पाळणे अशक्यच.

छताला डोके आपटणे म्हणजे काय, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २० जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेत एडवर्ड्स तळावर वायएफ-१६ या नमुना विमानाची धावपट्टीवर केवळ धावण्याची चाचणी चालू होती. उड्डाणाचा बेत नव्हता. परंतु पंख खालीवर करणाऱ्या नियंत्रणाचा वर्धनांक फाजील ठेवला गेला होता. विमान वेगात येताच या कुशीवरून त्या कुशीवर डुलू लागले, आणि फिल ओस्ट्रिकर या वैमानिकाला जमिनीवर थांबण्यापेक्षा वर जाणेच अधिक सुरक्षित वाटले. त्याने विमान उचलले आणि सहा मिनिटांनी नीट उतरवले. त्यानंतर वर्धनांक कमी करण्यात आला. त्या विमानाचे अधिकृत पहिले उड्डाण मग २ फेब्रुवारीला झाले.

वर्धनांक वाढवणे धोक्याचे आणि कमी करणेही धोक्याचे, तर अरुंद फटीत सापडलेल्या अभियंत्याने काय करावे? येथे काठी तोलणाऱ्या मुलाकडे पुन्हा पाहावे. तो केवळ काठीचा कल पाहत नाही. ती किती झपाट्याने कलते आहे हेही त्याच्या डोळ्यांना जाणवते, आणि हात त्या वेगालाही उत्तर देतो. विमानात हेच काम घूर्णी करतात. कोनाबरोबर कोन बदलण्याचा वेगही दुरुस्तीत मिळवला, की मूळपथाच्या चित्रात एक नवा बिंदू उमटतो. त्याला शून्यबिंदू म्हणतात आणि तो वाटांना आपल्याकडे ओढतो. −१.५ वर मूळ असलेली, जिच्यापुढे आपण हात टेकले ती सुस्त यंत्रणाच घ्या. दुरुस्तीत वेगाचा वाटा कोनाच्या निम्मा ठेवला, तर शून्यबिंदू −२ वर येतो, उजवीकडे कलणाऱ्या वाटा डावीकडे वळतात, आणि तीनच्या वरचा कोणताही वर्धनांक चालतो. छत नाहीसेच होते. निदान कागदावर तरी. प्रत्यक्ष विमानात संगणकाला आकडेमोडीस लागणारा वेळ, मोजमापातील गोंगाट गाळणाऱ्या चाळण्या, पंखांचे स्वतःचे लवचीक कंप, असे लहानमोठे विलंब उरतातच, आणि ते छत परत आणतात. पण ते बऱ्याच उंचीवर असते.

मूळपथाची एक मर्यादा येथेच सांगितली पाहिजे, कारण तिच्यापायी विमाने पडली आहेत. ही सारी आकडेमोड दुरुस्ती चुकीच्या प्रमाणात असते असे धरून चालते. झडप मात्र ठरावीक कोनापलीकडे वळू शकत नाही आणि ठरावीक वेगापलीकडे धावू शकत नाही. मागणी त्यापेक्षा मोठी झाली की मिळणारी दुरुस्ती मागणीच्या मानाने अपुरी पडते. म्हणजे वर्धनांक प्रत्यक्षात घटल्यासारखा होतो. स्थिर विमानात याने फारसे बिघडत नाही. अस्थिर विमानात मात्र मूळ ज्या वाटेने डावीकडे आले त्याच वाटेने मागे, उजवीकडील आपल्या जन्मस्थानाकडे निघते. शिवाय वेगाची मर्यादा गाठली गेली की विलंबही वाढतो. जमीन वर येते आणि छत खाली उतरते. स्वीडनचे ग्रिपेन हेही असेच अस्थिर विमान. त्याचा पहिला नमुना २ फेब्रुवारी १९८९ रोजी उतरताना हेलकाव्यांत सापडून कोसळला, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये स्टॉकहोमवरील प्रात्यक्षिकात दुसरे एक विमान पडले. या दुसऱ्या अपघातात झडपांनी वेगाची मर्यादा गाठल्याचे आढळले. दोन्ही वेळी वैमानिक लार्स रॉडस्ट्रॉम हाच होता, आणि दोन्ही वेळी तो बचावला.

बंगळुरूत तेजसचे नियंत्रण-नियम रचले जात होते ते याच वर्षांत. विमानाच्या आखणीसाठी एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी ही संस्था १९८४ साली स्थापन झाली होती. १९९२ साली नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये नियंत्रण-नियमांसाठी एक राष्ट्रीय गट नेमण्यात आला. श्याम चेट्टी हे त्याचे प्रमुख होते. उड्डाण-नियंत्रणाचे संगणक त्याच शहरातील एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटने विकसित केले. एकाच उंचीसाठी आणि एकाच वेगासाठी मूळपथ काढून त्यांचे भागण्यासारखे नव्हते. हवा दाट असते तेव्हा झडपेचा थोडा हेलही विमानाला जोराने फिरवतो, विरळ हवेत तोच हेल दुबळा ठरतो. म्हणून वर्धनांकांचा एक विस्तृत तक्ता तयार करावा लागतो, आणि उड्डाणात संगणक वेग व उंची पाहून त्यातून योग्य तो आकडा उचलत राहतो. नियमांची परीक्षा जमिनीवरील सदृशकांत झाली. १९९६ साली अमेरिकेत एका खास एफ-१६ विमानावरही ती झाली. या विमानाचा स्वभाव संगणकाद्वारे दुसऱ्या विमानासारखा करता येतो.

मे १९९८ मध्ये भारताने पोखरण येथे अणुचाचण्या केल्या आणि अमेरिकेने निर्बंध घातले. उड्डाण-नियंत्रण यंत्रणेत साहाय्य करणाऱ्या अमेरिकन कंपनीचे सहकार्य थांबले. राहिलेले काम बंगळुरूतच पुरे करावे लागले. मूळपथ आणि राउथची रीत ही विद्या कोणत्याही निर्बंधाखाली येण्याजोगी नव्हती. ती क्रमिक पुस्तकांतून सर्वांना खुली होती. अडचण होती ती प्रत्यक्ष आकड्यांची, चाचण्यांची आणि आत्मविश्वासाची. कोठियाल विमानात बसले तेव्हा त्या आकड्यांवर त्यांचा जीव टांगलेला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ग्रिपेनचे काय झाले ते साऱ्यांनाच ठाऊक होते.

पहिल्या उड्डाणात विमान मुद्दामच सावकाश, ध्वनीच्या वेगापेक्षा पुष्कळ कमी वेगाने उडवले गेले. पुढील उड्डाणांत वेग, उंची आणि वळणाचा जोर पायरीपायरीने वाढवला गेला. प्रत्येक पायरीवर विमानाचे प्रत्यक्ष वागणे नोंदवावयाचे, ते हिशेबाशी ताडून पाहावयाचे, आणि मगच पुढची पायरी चढावयाची, असा क्रम होता. १ ऑगस्ट २००३ रोजी या विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला. त्या वेगापलीकडे पंखांवरील उत्थापक प्रेरणेचा मध्य मागे सरकतो आणि उलटा धरलेला बाण जणू सुलटा होतो. उजवीकडील मूळ आपणहून अक्षाच्या डावीकडे जाते, मूळपथाचे आरंभबिंदूच बदलतात, आणि तक्त्यातील आकडे पुन्हा नव्याने शोधावे लागतात.